अनियमित ठोके आणि ऑपरेशन: मेझ, मिनी-मेझ, अपेंडेज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळ्या चालू असतात, ईसीजी होत असतात, आणि मग एक दिवस डॉक्टर सहज बोलल्यासारखं बोलतात की "सर्जनला पण एकदा भेटून घ्या". त्यानंतर घरातल्यांची झोप उडते. तेव्हा जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केलेत. उत्तरं कुठे लांब आहेत कुठे दोन ओळीत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नसतात.

ठोके अनियमित आहेत म्हणजे ऑपरेशन लागणारच का?

नाही हो. बहुतेकांना लागत नाही. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं हे तर कित्येक ठणठणीत लोकांनाही होतं आणि त्याला बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. एकदम धडधड सुरू होऊन एकदम थांबणारे जे प्रकार आहेत, एसव्हीटी वगैरे, ते हल्ली मांडीच्या शिरेतून तार घालून बरे होतात, सर्जनचा संबंधच येत नाही. खालच्या कप्प्यांमधून येणारी धोकादायक लय असेल तर गोळ्या, ॲब्लेशन (लय बिघडवणारी जागा डाग देऊन निकामी करणं) आणि शॉक देणारं यंत्र म्हणजे आयसीडी, हा रस्ता असतो.

सर्जनकडे पाठवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ. म्हणून खाली सगळं एएफबद्दलच आहे.

गंमत म्हणजे ठोक्यांची सर्जरी सुरू झाली ती मात्र एएफसाठी नाही. जन्मतःच हृदयात विजेची एक जादा वाट असते, त्या आजाराला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात, १९६८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली नावाच्या सर्जनने एका मच्छीमाराच्या हृदयातली ती वाट ब्लेडने कापली आणि त्याची धडधड थांबली. म्हणजे लय बिघडण्यामागे एक ठरावीक जागा असू शकते आणि ती तोडता येते हे तिथे हातात आलं. आज त्याच आजाराला छाती उघडायची वेळ जवळजवळ येतच नाही.

एएफमध्ये आत नक्की काय बिघडतं?

हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. तिथे मिनिटाला ३५० ते ६०० असे विजेचे झटके भरकटत असतात, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं विजेचं फाटक, म्हणजे एव्ही नोड, त्यातले थोडेच खाली सोडतो, तेही मनाला येईल तसे, म्हणून नाडी हाताला वेडीवाकडी लागते. बऱ्याच लोकांमध्ये याची ठिणगी पडते फुफ्फुसांकडून रक्त घेऊन येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी. हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या टीमने १९९८ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर सगळ्यांच्या उपचारात त्या शिरांना वेगळं पाडणं ही पहिली पायरी झाली.

थरथरीमुळे दम लागतो, थकवा येतो, हे झालंच. पण खरी भीती गुठळीची. रक्त एका कोपऱ्यात साचतं, गोठतं आणि सुटून मेंदूत गेलं की लकवा. एएफमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट धरतात.

कॅथेटर ॲब्लेशन म्हणजेच ऑपरेशन ना?

बोलताना लोक दोन्हीला ऑपरेशनच म्हणतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅथेटर ॲब्लेशन कॅथलॅबमध्ये होतं, इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट म्हणजे हृदयाच्या विजेचे डॉक्टर करतात, जांघेतल्या शिरेतून तार हृदयाच्या आत नेऊन आतल्या बाजूने उष्णता, थंडी किंवा विजेच्या पल्सने डाग देतात, टाका जवळपास नसतोच आणि एक-दोन दिवसात माणूस घरी असतो. सर्जिकल ॲब्लेशन ऑपरेशन थिएटरमध्ये होतं, हार्ट सर्जन करतात, छाती उघडून नाहीतर फासळ्यांमधल्या छोट्या भोकांमधून. हेतू दोन्हीचा एकच, भरकटलेल्या विजेची वाट अडवायची. सर्जनला समोर दिसत असतं, त्यामुळे रेषा सलग आणि भिंतीच्या आरपार पडायची शक्यता जास्त, पण त्याची किंमत शरीर मोजतं.

म्हणून नुसतं एएफ आहे, बाकी हृदय ठीक आहे, तर पहिला नंबर गोळ्यांचा नाहीतर कॅथेटरचा लागतो. थेट सर्जरीच करू असं कोणी म्हणत असेल तर का ते विचारा, दुसरं मत घ्या.

मेझ हे काय नाव आहे?

मेझ म्हणजे भूलभुलैया. डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात हे ऑपरेशन पहिल्यांदा एका पेशंटवर केलं. कल्पना अशी, वरच्या कप्प्यांच्या भिंतीवर ठरावीक रेषांवर काप द्यायचे आणि पुन्हा शिवून टाकायचे, जखम भरली की तिथे व्रण राहतो, व्रणातून वीज जात नाही. व्रणांच्या भिंती अशा आखायच्या की वीज गोल गोल फिरूच शकणार नाही, सगळ्या गल्ल्या बंद, फक्त एक रस्ता उघडा जो ठोका जिथे सुरू होतो त्या वरच्या एसए नोडपासून खाली एव्ही नोडपर्यंत जातो. भूलभुलैयात आत येणारी एक वाट आणि बाहेर जाणारी एक वाट, तसं.

पहिल्या आवृत्तीत एक घोळ होता, काप एसए नोडच्या फार जवळून जायचे त्यामुळे पेशंट चालला, जिना चढला तरी ठोके हवे तेवढे वाढायचे नाहीत आणि पेसमेकर बऱ्याच जणांना लागायचे. मग रेषा बदलल्या, दुसरी आवृत्ती, मग तिसरी, ही कॉक्स-मेझ ३ बरीच वर्षं सगळ्यात भरवशाची मानली गेली. पण कापणं आणि शिवणं एवढं किचकट की फार थोडे सर्जन त्या वाटेला जायचे.

मग आता पण कापतात का?

सहसा नाही. २००२ पासून राल्फ डॅमियानो यांच्या कॉक्स-मेझ ४ मध्ये बहुतेक कापांच्या जागी दोन साधनं आली. एक म्हणजे चिमट्यासारखा क्लॅम्प, ज्याच्या दोन जबड्यांमध्ये हृदयाची भिंत धरून रेडिओफ्रिक्वेन्सीने तापवतात, पेशी साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्या की कायमच्या निकामी होतात, आणि भिंत आरपार भाजली गेली की नाही याचा अंदाज मशीनच देतं. दुसरं क्रायो, म्हणजे गोठवणं, उणे ६० अंश किंवा त्याहून खाली नेलेली कांडी दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवायची. झडपेच्या जवळ क्रायो जास्त आवडतं कारण पेशी मरतात पण खालचा सांगाडा शाबूत राहतो. सुई-दोऱ्याचं काम वाचलं, वेळ वाचला, रक्तस्राव कमी झाला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मेझ या शब्दाखाली हल्ली काहीही खपतं. कुठे फक्त चार शिरांभोवती रिंगण मारतात, कुठे फक्त डाव्या कप्प्यात रेषा देतात, कुठे दोन्ही कप्प्यांचा पूर्ण नकाशा करतात, आणि डिस्चार्ज कार्डवर तिन्हीकडे "मेझ" एवढंच लिहिलेलं असतं. आधीच विचारून घ्या की नक्की कुठल्या रेषा देणार. एएफ जुनं आणि सतत चालू असलेलं असेल तर नुसत्या शिरांचं रिंगण बऱ्याचदा पुरत नाही.

आईचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलंय आणि तिला एएफ पण आहे. दोन्ही एकदम करतात का?

करतात, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण संधी एकदाच येते आणि बरेच लोक विचारायचंच विसरतात. छाती उघडणारच आहे, हार्ट-लंग मशीन (हृदय थांबवल्यावर रक्त फिरवणारं) लागणारच आहे, मायट्रल झडपेसाठी, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेसाठी, तर डावा वरचा कप्पा उघडायचाच असतो, म्हणजे सर्जन अगदी त्या जागी पोचलेलाच असतो जिथे मेझच्या रेषा द्यायच्या. वेळ थोडा वाढतो, मशीनवरचा काळ वाढतो, पण दुसऱ्यांदा छाती उघडण्यापेक्षा ते कधीही बरं.

मायट्रल झडपेच्या ऑपरेशनसोबत एएफचंही काम उरकावं अशी अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जनांच्या संघटनेची २०१७ पासून ठाम शिफारस आहे. अर्थात प्रत्येकाला जमेल असं नाही. वय खूप, किडनी खराब, हृदयाची ताकद अगदीच कमी, आधीच ऑपरेशन लांबलचक होणार, अशा वेळी सर्जन म्हणतो की जीव महत्त्वाचा, लय नंतर बघू. ते कारण पटण्यासारखं असतं. "आम्ही ते करत नाही" एवढंच उत्तर मिळालं तर मात्र करणाऱ्याकडे एकदा विचारायला हरकत नाही.

बायपास किंवा एओर्टिक झडपेच्या ऑपरेशनमध्ये डावा कप्पा मुळात उघडायची गरज नसते, म्हणून तिथे सर्जन जरा हात आखडता घेतात. पूर्ण मेझ नाही तरी निदान अपेंडेज बंद होणार का हा प्रश्न तरी विचाराच.

अपेंडेज म्हणजे अपेंडिक्स का?

नाही नाही, पोटातल्या अपेंडिक्सचा काही संबंध नाही. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला बाहेरच्या बाजूला एक लहानसा खिसा असतो, कानाच्या पाळीसारखा लोंबणारा, आतून खडबडीत. नीट आकुंचन होत असेल तर रक्त तिथे थांबत नाही, एएफमध्ये थांबतं. झडपेचा मोठा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या कप्प्यातल्या दहातल्या नऊ गुठळ्या याच खिशात सापडतात. म्हणून सर्जन तो बंद करतात, कापून शिवतात, स्टेपल करतात किंवा बाहेरून बुडाशी क्लिप बसवतात.

याचा खरंच उपयोग होतो का, याचं चांगलं उत्तर २०२१ मध्ये मिळालं. लाओस-३ नावाच्या अभ्यासात एएफ असलेल्या आणि दुसऱ्या कारणासाठी हार्टचं ऑपरेशन होणाऱ्या जवळपास ४,८०० लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एका गटात खिसा बंद केला दुसऱ्यात नाही. सरासरी ३.८ वर्षांनी स्ट्रोक किंवा शरीरात दुसरीकडे गुठळी अडकणं हे पहिल्या गटात ४.८ टक्के आणि दुसऱ्यात ७ टक्के. म्हणजे धोका साधारण एक तृतीयांशाने कमी. पण यातली एक बारीक गोष्ट सगळे विसरतात, त्या दोन्ही गटांतले बहुतेक लोक रक्त पातळ करणारी गोळी घेतच होते. म्हणजे खिसा बंद करणं हे गोळीच्या जोडीला होतं, गोळीच्या ऐवजी नाही!

आणि बंद करणं अर्धवट राहिलं तर उलट पंचाईत. टाक्यांमधून गळती राहिली किंवा बुडाशी एखाद-दीड सेंटीमीटरचा तुकडा उरला तर तिथेच गुठळी व्हायला जागा मिळते. थिएटरमध्येच अन्ननलिकेतून इको करून खात्री करतात, ती केली होती का ते नंतर कागदावर बघून घ्या.

क्लिप बसवल्यावर एमआरआय करता येतो का?

बहुतेक क्लिपना ठरावीक अटींसह चालतो. क्लिपचं कार्ड मिळतं ते जपून ठेवा आणि स्कॅनच्या आधी दाखवा.

नुसत्या एएफसाठी पण छाती उघडतात का?

हाड कापून पूर्ण मेझ फक्त एएफसाठी करणं आता फार क्वचित. त्याऐवजी दुर्बिणीतून करतात, त्यालाच सैलपणे मिनी-मेझ म्हणतात. दोन्ही बाजूंना फासळ्यांमध्ये छोटी छोटी भोकं, चालू हृदयावरच काम, हार्ट-लंग मशीन नाही, शिरांभोवती बाहेरून क्लॅम्पने रेषा आणि सोबत अपेंडेजला क्लिप. काम चालू असताना एका बाजूचं फुफ्फुस थोडा वेळ मिटवून ठेवावं लागतं म्हणून फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर अडचण येते.

कॅथेटरशी तुलना झालीये. २०१२ च्या फास्ट नावाच्या छोट्या अभ्यासात, १२४ लोक होते, एका वर्षानंतर एएफपासून मुक्त असलेले दुर्बिणीच्या सर्जरीत ६५.६ टक्के आणि कॅथेटरमध्ये ३६.५ टक्के. वाचून वाटतं की मग सर्जरीच करा की! पण त्याच अभ्यासात त्रासाच्या घटना सर्जरीत ३४.४ टक्के, कॅथेटरमध्ये १५.९. शिवाय त्यात घेतलेले लोक आधी ॲब्लेशन फेल झालेले किंवा डावा कप्पा मोठा झालेले होते, म्हणजे मुळातच अवघड केस. आणि कॅथेटरचं तंत्र तेव्हापासून बरंच पुढे गेलंय.

हायब्रिड म्हणजे दोन डॉक्टर, दोन ऑपरेशनं?

साधारण तसंच. सर्जन बाहेरून करतो आणि इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट आतून, त्याच दिवशी किंवा काही आठवड्यांनी, जिथे रेषेत फट राहिलीये ती आतून भरतात. एका प्रकारात छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी छोटा काप देऊन डाव्या कप्प्याची मागची भिंत भाजतात, त्याला कन्व्हर्जंट म्हणतात. सतत चालणाऱ्या एएफमध्ये याचा अभ्यास झाला, १५३ लोकांचा, १२ महिन्यांनी हायब्रिडमध्ये ६७.७ टक्के आणि नुसत्या कॅथेटरमध्ये ५० टक्के यशस्वी. वर्षानुवर्षं एएफ असलेल्यांना हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे, कधीमधी येऊन जाणाऱ्या एएफला एवढा खटाटोप कशाला.

कुणाला फायदा कमी होतो?

एएफ जितकं जुनं तितकं हट्टी. सात दिवसांच्या आत आपोआप किंवा उपचाराने थांबणारं, सात दिवसांच्या वर चालणारं आणि सलग वर्षाच्या वर चालणारं अशा पायऱ्या करतात, आणि प्रत्येक पायरीला यश कमी होत जातं. डावा कप्पा फार ताणलेला असेल, इकोमध्ये साडेपाच-सहा सेंटीमीटरच्या पुढे गेला असेल, तरी तेच. भिंत एवढी जीर्ण झालेली असते की रेषा दिल्या तरी उरलेला भाग थरथरतच राहतो. म्हणून "गोळ्यांनी भागतंय तोवर भागू दे" म्हणत दहा वर्षं काढली आणि मग आलात तर सर्जनच्या हातात तरी काय उरणार.

वजन जास्त, झोपेत श्वास अडकणं, बीपी वाढलेलं, दारू, हे सगळं तसंच ठेवलं तर एएफ परत यायची शक्यता वाढते, कितीही चांगल्या रेषा दिल्या असतील तरी.

आधी कुठल्या तपासण्या होतात?

ईसीजी, होल्टर (अंगावर लावून दिवसभर चालणारा ईसीजी), इको, थायरॉइड आणि किडनीच्या रक्ततपासण्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी किंवा सीटी, फुफ्फुसाची क्षमता, आणि अन्ननलिकेतून केलेला इको ज्यात खिशात आधीच गुठळी आहे का ते दिसतं. गुठळी दिसली तर पुढचा सगळा प्लॅन बदलू शकतो, नुसत्या एएफचं काम बहुधा पुढेच ढकलतात. थायरॉइडला कोणी महत्त्व देत नाही पण ते वाढलेलं असेल तर एएफचं मूळ तिथेच असू शकतं.

रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी थांबवायची हे गोळीवर आणि किडनीवर ठरतं, वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी, नवीन गोळ्या दोन-तीन दिवस. पण तारीख तुमच्या टीमने लिहून दिलेलीच पाळायची, शेजाऱ्याची नाही.

धोके काय आहेत, खरं खरं सांगा.

रक्तस्राव, इन्फेक्शन, स्ट्रोक, किडनीवर ताण, छातीत किंवा हृदयाभोवती पाणी साचणं, आणि कितीही कमी म्हटला तरी मृत्यूचा धोका, हे कुठल्याही हार्ट सर्जरीला आहेच. किती टक्के हे तुमच्या वयावर आणि बाकीच्या आजारांवर ठरतं, म्हणून इंटरनेटवरचा आकडा स्वतःला लावू नका.

या सर्जरीचे खास म्हणावे असे दोन-तीन. श्वासाच्या पडद्याला जाणारी नस दुखावली तर दम लागतो, बहुतेकदा भरून येते. डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला अन्ननलिका चिकटून असते, भाजताना तिला झळ बसली तर फार दुर्मिळ पण फार वाईट अशी भगदाडाची गुंतागुंत होते, ही कॅथेटरमध्येही होऊ शकते. ती काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही दिसते, ताप, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी, बोलण्यात किंवा हातापायात एकदम फरक. असं झालं तर वाट बघायची नाही, आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर ॲब्लेशन झालंय हे पहिलं वाक्य असलं पाहिजे, कारण हे माहीत नसताना पोटाचा त्रास समजून एंडोस्कोपी केली तर ती जीवावर बेतू शकते.

पेसमेकर लागेल असं सांगितलंय. म्हणजे काहीतरी चुकलं का?

बऱ्याचदा चूक नसते. वर्षानुवर्षं एएफ असलं की मूळ पेसमेकर, म्हणजे एसए नोड, आळशी झालेला असतो पण एएफच्या गोंगाटात ते कळत नाही. एएफ गेलं की तो उघडा पडतो, ठोके मिनिटाला ४० पर्यंत खाली येतात, आणि मग यंत्र बसवावं लागतं. मायट्रल सर्जरीच्या २६० पेशंटचा २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात सोबत ॲब्लेशन केलेल्या गटात पेसमेकर साधारण अडीचपट जास्त लागले. त्याच अभ्यासात ६ आणि १२ महिन्यांना एएफ नसलेले ६३.२ टक्के होते, ॲब्लेशन न केलेल्यांत २९.४ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवून निर्णय घ्यायचा असतो. घाईही करायची नाही, सुजेमुळे मंद झालेले ठोके काही दिवसांत सुधारतात, सर्जन थोडे दिवस तात्पुरत्या तारांवर थांबून बघतात.

ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी परत एएफ! फेल गेलं का?

नाही, आणि हा फोन जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. भाजलेल्या जागा सुजलेल्या असतात, व्रण पक्का व्हायला वेळ लागतो, तोवर लय भरकटते. म्हणून पहिले तीन महिने हिशोबात धरतच नाहीत. या काळात ॲमिओडारोन सारखी गोळी देतात, लागला तर शॉक देऊन लय जागेवर आणतात. ॲमिओडारोन चालू असताना उन्हापासून जपा, थायरॉइड तपासत राहा, आणि वॉरफरिन घेत असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, वरचेवर बघा कारण ही गोळी वॉरफरिनचा परिणाम चांगलाच वाढवते.

खरा निकाल तीन महिन्यांनंतर, मग सहा महिने, वर्ष असं होल्टर लावून. नुसतं "मला बरं वाटतंय" यावर जाऊ नका, कित्येकांना एएफ आलेलं जाणवतच नाही.

बाबांना एएफ नव्हतंच, बायपासनंतर तिसऱ्या दिवशी आलं. त्यांना पण मेझ?

हे वेगळं प्रकरण आहे. बायपासनंतर साधारण दर तिघांत एकाला हे होतं, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त, सूज, ताण, पोटॅशियम खाली जाणं अशी कारणं असतात. औषधांनी बहुतेकांचं काही दिवसांत-आठवड्यांत जातं, मेझ वगैरे काही नाही. फक्त पुढे कधीतरी परत येऊ शकतं म्हणून फॉलोअप सोडू नका.

आता लय सरळ आहे, रक्त पातळ करायची गोळी बंद करू ना?

स्वतःहून अजिबात नाही. पहिले काही महिने तर चालूच ठेवतात. त्यानंतर गोळी चालू की बंद हे लयीवर कमी आणि तुमच्या स्ट्रोकच्या धोक्यावर जास्त ठरतं, वय ६५ किंवा ७५ च्या वर, बीपी, शुगर, आधीचा लकवा, हार्ट फेल्युअर, या सगळ्याचे गुण मोजून. मेटलची झडप बसवली असेल तर वॉरफरिन आयुष्यभर, तिथे वादच नाही. रुमॅटिक आजारामुळे झडप अरुंद झालेली असेल तरी वॉरफरिनच, २०२२ च्या इन्व्हिक्टस अभ्यासात अशा लोकांमध्ये नवीन गोळीपेक्षा वॉरफरिन सरस ठरलं.

मला यात सगळ्यात त्रासदायक वाटते ती एकच गोष्ट, लोक ऑपरेशनला घाबरतात पण गोळी सोडायला घाबरत नाहीत.

घरी गेल्यावर किती दिवस जपायचं?

हाड कापलं असेल तर ते जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही, गाडी चालवायची नाही, खोकताना छातीशी उशी धरायची. दुर्बिणीतून झालं असेल तर दोन-चार आठवड्यांत बरेचसे लोक कामाला लागतात, पण फासळ्यांमधली नस दुखते ती जरा जास्त काळ दुखते आणि हे आधी कोणी सांगत नाही.

मेझनंतर एक विचित्र गोष्ट होते, अंगात पाणी साठतं. वरचे कप्पे एक हार्मोन सोडतात जे लघवीतून मीठ-पाणी बाहेर काढायला मदत करतं, ऑपरेशननंतर ते काही काळ कमी पडतं. म्हणून लघवीच्या गोळ्या देतात. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं, पायावर सूज आली, झोपल्यावर दम लागला तर कळवा.

काही आठवड्यांनी ताप, छातीत दुखणं, श्वास घेताना टोचणं असं झालं तर हृदयाच्या आवरणाला सूज असू शकते. औषधाने बरी होते, पण आत पाणी साचलंय का ते इकोत बघावं लागतं.

पुन्हा एएफ आलंच तर काय?

रस्ते संपत नाहीत. रेषेत कुठे फट राहिलीये ते कॅथेटरने शोधून तेवढीच भरता येते, आणि आधी सर्जरी झालेली असली की हे काम पुष्कळदा सोपं जातं. तेही नाही जमलं तर गोळ्यांनी ठोक्यांचा वेग आवरून एएफसोबत राहणं हा काही पराभव नाही, लाखो लोक तसे राहतात. वेगच आवरत नसेल तर पेसमेकर बसवून एव्ही नोड बंद करतात, एएफ आत चालूच राहतं पण खाली पोचत नाही, दम आणि धडधड कमी होते. अर्थात गुठळीचा धोका तसाच, म्हणून गोळी चालूच.

सर्जनला भेटायला जाताना काय विचारू?

वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, माझ्यात कुठल्या रेषा देणार, दोन्ही कप्पे की एकच, अपेंडेज कशाने बंद करणार आणि बंद झालंय हे कसं तपासणार, पेसमेकरची शक्यता किती, आणि नंतर एएफ बघणारा डॉक्टर कोण, कारण सर्जनचं काम टाके निघाले की संपतं आणि मग पेशंट मधल्यामध्ये लोंबकळतो. जाताना जुने सगळे ईसीजी न्या, पहिला एएफ दिसलेला तर नक्कीच, त्या तारखेवरून बऱ्याच गोष्टी ठरतात.

माझं घड्याळ रोज एएफ दाखवतं आणि डॉक्टरांचा ईसीजी नॉर्मल येतो. खरं कोणाचं?

दोन्ही खरं असू शकतं, ईसीजी फक्त त्या दहा सेकंदांचा असतो. घड्याळाने दाखवलं तेव्हाची पट्टी सेव्ह करून डॉक्टरांना दाखवा, ती बघून ते कदाचित १४ दिवसांचा मॉनिटर लावतील.